ऐकावं कारकुनांनी

माझ्या आवाजाबद्दल आजवर पुष्कळ छापून आलंय. पहाडी काय, रणरागिणी काय! रणरागिणी कसली डोंबलाची. नाशकात तांबट आळीत आमचं घर. खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम चालायचं आणि वर आम्ही राहायचो. सकाळी चुलीवर आधण चढायच्या आत ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. त्या ठणठणाटात मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. आमचे हे तर जन्मापासून त्याच आवाजात वाढलेले. तरुणपणीच त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आळीतल्या निम्म्या पुरुषांची तीच तऱ्हा होती. तेव्हा मुंबईच्या विधानसभेत आणि पुढं दिल्लीत संसदेत ज्या आवाजावर मी इतकी वर्षं काढली, तो मुळात ‘अहो, पान वाढलंय’ एवढं वरच्या माडीवरून खाली सांगण्यासाठी तयार झालेला आवाज आहे.

‘अहो’च. नाव नाही. आजच्या पोरी नवऱ्याला नावानं हाका मारतात, मारोत बापड्या, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या वेळी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. फक्त लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून नाव घ्यायचं. तेवढी मुभा. मी तर तेव्हाही लाजून पळून जायची. अहो खरंच, हसू नका! सभेत कलेक्टरला चार शब्द सुनावणारी बाई या एका बाबतीत मुलखाची भित्री होती. यांचं नाव मी लग्नात पुटपुटले असेन तेवढंच.

आमच्या सासूबाई याही पुढच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सासरे मी घरात यायच्या आधीच वारलेले. त्यांच्या नावात एका वाराचं नाव येत होतं, म्हणून आत्याबाई तो वारसुद्धा उच्चारायच्या नाहीत. त्या वाराला त्या ‘बाजाराचा दिवस’ म्हणत. नवरा गेला, आयुष्य कमी व्हायचं भय उरलं नाही, तरी वार मात्र तसाच. मी नवी असताना एकदा विचारलं, “आत्याबाई, आता काय हरकत आहे?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

मी राजकारणात आले ती मिठाच्या सत्याग्रहात. तुरुंगाची हवा खाऊन आले, मग खादी विकली, शाळांच्या कमिटीवर बसले. एवढ्यात नवा कायदा आला आणि इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक लागली. आमच्या बाजूनं कोणाला उभं करायचं यासाठी एका वकिलाच्या दिवाणखान्यात बैठक भरली. समोर एक बडे रावबहादूर उभे राहणार होते. त्यांच्या मळ्याचं पाणी, त्यांचे ट्रक, त्यांच्या शब्दावर हलणारी गावं. कोणी पुढं येईना. मी कोपऱ्यात बसले होते. वकीलसाहेब शेजाऱ्याच्या कानाला लागून म्हणाले, “पडायचीच जागा आहे. बाईला देऊन टाकू. तेवढंच पेपरात नाव.”

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. आलं नव्हतंच! पण ठोक्यांच्या घरात नांदलेली बाई ओठ वाचायला शिकते हे त्यांना कुठं माहीत? माझं डोकं असं फिरलं! उठून म्हटलं, “वकीलसाहेब, द्या ती पडायची जागा मला. पण एकदा दिलीत की मग ती माझी. मध्येच कोणी शहाणपणा शिकवायचा नाही.” ते गोरेमोरे झाले. जागा मला मिळाली.

घरी सांगितलं तेव्हा यांनी हातातली हातोडी खाली ठेवली, हसले आणि म्हणाले, “मोठ्यानं बोल, शेवटच्या रांगेत माझ्यासारखे असतील.” यांचा पाठिंबा हा असा. आत्याबाई मात्र देवघरातून बाहेर आल्या. तुरुंगाच्या वेळी त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली होती, तोंडातून ब्र काढला नव्हता. आता म्हणाल्या, “ऐक. सून कैदेत गेली, मी सोसलं. सून उन्हातान्हात गावोगाव ओरडत फिरते, तेही सोसलं. आता हे शेवटचं. निवडून आलीस तर खुशाल मुंबईला जा, तुझी पोरं मी सांभाळते. पण पडलीस तर बस्स झालं. मग सभा नाही, भाषण नाही, कमिटी नाही. घर बघायचं. कबूल?”

यांनी मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, पण आत्याबाईंनी हात वर केला. मी म्हटलं, “कबूल.” दुसरं काय म्हणणार? त्यांचं खोटं नव्हतं. आणि शब्द दिला की तो फिरवायची रीत आमच्या घरात नव्हती. म्हणजे माझी निवडणूक ती एका जागेची नव्हतीच. हरले असते तर मी कायमची घरात बसले असते. माझ्यासारखीला घरात बसवणं म्हणजे काय, ते आळीतल्या लोकांना विचारा.

मग मी जी सुटले! बैलगाडी, टांगा, नाहीतर पायी. रावबहादुरांच्या मोटारी धूळ उडवत पुढून जायच्या आणि मी तोंडाला पदर लावून मागून चालायची. पुरुषांच्या सभा मी घेतल्या, पण माझी भिस्त बायकांवर होती. नव्या कायद्यानं पुष्कळ बायकांना पहिल्यांदा मत मिळालं होतं. काहींना नवऱ्याच्या घरादारामुळं, काहींना स्वतःच्या नावावर शेत किंवा घर होतं म्हणून. रावबहादुरांची माणसं त्यांना मोजतच नव्हती. मी मात्र मळ्यामळ्यात जाऊन, कांद्याच्या वाफ्यात बसून, तण निंदता निंदता शिकवलं. माझं माहेर चांदवडकडचं, कांदा मला काही नवा नव्हता. चिठ्ठी कशी घ्यायची, फुली कुठं करायची, घडी कशी घालायची. “आणि हे बघा, गुप्त म्हणजे गुप्त. नवऱ्यानं विचारलं तरी सांगायचं नाही, मी विचारलं तरी सांगायचं नाही.” बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या. एक जण म्हणाली, “लय भारी काम हाय, ताई. नवऱ्यापासून चोरायचं आन् वर सरकारची परवानगी!”

सगळं शिकवलं. एकच गोष्ट ना मला सुचली, ना पक्षातल्या कोणा पुरुषाला. पुरुषांना कशी सुचणार म्हणा.

मतदानाच्या दिवशी बायकांसाठी नगरपालिकेच्या शाळेत वेगळी खोली होती. मी सकाळीच तिथं पोचले. अंगणात बायका दाटल्या होत्या. आळीतल्या होत्या, नदीपलीकडच्या मळ्यांतल्या होत्या, कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी ठेवणीतलं लुगडं नेसून. माझं मन इतकं भरून आलं की विचारू नका. आणि तेवढ्यात पहिली बाई आत गेली ती तशीच बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी रडवेली होऊन.

“काय झालं गं?”

“त्यो कारकून इचारतो, नवऱ्याचं नाव सांगा.”

“मग?”

“मग काय! कसं सांगू? तुमीच सांगा ताई, कसं सांगू?”

मी कपाळावर हात मारून घेतला. उमेदवार म्हणून मला आत जायची मुभा होती, तशी गेले. कारकून सज्जन होता बिचारा, कचेरीतला तरुण माणूस, तोही घामाघूम झालेला. यादीत प्रत्येक बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव. ते जुळलं तरच चिठ्ठी द्यायची. त्याच्या शेजारी रावबहादुरांचा माणूस टोपी सरळ करत बसला होता. मी म्हटलं, “हिच्या नवऱ्याचं नाव मी सांगते. सगळं गाव ओळखतं हिला.” तो लगेच, “हरकत आहे! मतदारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. उद्या कोणीही कोणाचीही बायको होईल.” आणि गालात हसला. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. त्याची आई, त्याची बायको काय वेगळ्या होत्या? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नियम त्याच्या बाजूनं होता. कारकून हळूच म्हणाला, “बाई, माझा नाइलाज आहे. त्यांनी फक्त नाव घेतलं तरी पुरे.”

नाव घेतलं तरी पुरे! तो ‘सांगितलं’ म्हणाला असता तर कदाचित माझं डोकं चाललंही नसतं. ‘नाव घ्या’ हे शब्द बायकांनी जन्मभर ऐकलेले असतात, आणि ते कुठं ऐकलेले असतात ते मला एकदम आठवलं.

मी बाहेर अंगणात आले. काही जणी घरी निघाल्याच होत्या. मी आवाज चढवला. “थांबा गं सगळ्या! लग्नात नाव घेतलंत की नाही? डोहाळजेवणात घेतलंत? हळदीकुंकवाला दार अडवून उभ्या राहिल्यावर घेतलंत? मग आज सरकारनं दार अडवलंय. उखाणा घ्या आणि आत जा!”

 मग मागून कोणीतरी म्हणालं, “आधी तुमी घ्या.”

झाली का पंचाईत! साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अंगणाच्या फाटकाबाहेर पुरुष उभे होते, त्यात आमचे हेही होते, दुकान बंद ठेवून आलेले.  तुरुंगात जातानासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते. पण मागं फिरायला वाट कुठं होती? माझंही मत त्याच खोलीत होतं. मी आत गेले, कारकुनासमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं:

“तांब्याच्या हंड्याला पितळेची कडी,
——रावांचं नाव घेते, चिठ्ठी द्या तेवढी!”

जागा मी कोरी सोडली आहे. त्या दिवशी नव्हती सोडली.

बाहेर असा हशा उसळला म्हणता! आणि मग काय, बायका थांबतात होय? मळ्यातली ती ‘लय भारी काम’ म्हणणारी पुढं घुसली. नऊवारीचा पदर खोचला आणि म्हणाली:

“कांद्याच्या वाफ्याला पाटाचं पाणी,
——रावांचं नाव घेते, ऐकावं कारकुनांनी!”

कारकून लाजून लाल झाला, पण चिठ्ठी दिली. रावबहादुरांचा माणूस ‘हरकत, हरकत’ करत उठला. कारकून त्याला म्हणाला, “स्वतःच्या तोंडानं घेतलंय. यमक जुळलं म्हणून नाव खोटं होत नाही.” तो बसला. त्यानंतर दुपारपर्यंत त्या खोलीत लग्नघर झालं होतं. एकीनं घेतला की दुसरीला तिच्यापेक्षा चांगला घ्यायचा असे. काही जणी तर चिठ्ठी मिळाली तरी दुसरा उखाणा म्हणून दाखवायला थांबल्या, त्यांना हाकलावं लागलं.

पण उन्हं कलायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की शाळेच्या ओसरीवर भिंतीशी एक रांग सकाळपासून बसलेलीच आहे. उठत नाही, बोलत नाही. कपाळ मोकळं असलेल्या बायका. विधवा. ज्यांच्या स्वतःच्या नावावर शेतं नि घरं होती त्या बहुतेक ह्याच, आणि सर्वांत जास्त आस मला यांच्याच मतांची होती. मी जवळ गेले आणि तोंड उघडायच्या आत मला कळलं. उखाणा सवाष्णीनं घ्यायचा. यांच्यासमोर मी सकाळीच हंडा नि कडी करून नाचले होते. यांना कुठल्या तोंडानं सांगू, तुम्हीही घ्या म्हणून? एक म्हातारी म्हणाली, “आमचं ऱ्हाऊ दे, बाई. आमी नुसत्या तुला बघाया आलो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत पेटीपाशी वेळ सरत होता. हिशेब करायची गरजच नव्हती. ही रांग उठली नाही तर मी पडले, आणि पडले तर आज घरी जाऊन चूल पेटवायची ती कायमची. पण यांना उठा म्हणायला माझी जीभ रेटेना. उभ्या आयुष्यात मला शब्द सापडला नाही असा तो एकच प्रसंग.

तेवढ्यात फाटकापाशी गर्दी बाजूला झाली. आमच्या आत्याबाई येत होत्या. त्या मताला येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घर त्यांच्या नावावर होतं म्हणून यादीत त्यांचं नाव होतं, एवढंच. सकाळी निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी आशीर्वादसुद्धा जेवढ्यास तेवढा दिला होता. आळीतल्या कोणा बाईनं घरी जाऊन त्यांना शाळेतला प्रकार सांगितला असावा. त्या माझ्याकडे न बघता सरळ ओसरीवर गेल्या, त्या रांगेसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बसलात का गं अशा? नवरा गेला तेव्हा शेत कोणी राखलं? तुम्हीच ना? मग?” आणि आत शिरल्या.

मी दारातून पाहत होते. कारकून उठून उभा राहिला. “आजी, नवऱ्याचं नाव...”

आत्याबाईंनी उखाणा घेतला नाही. यमक नाही, काही नाही. पदर डोक्यावर नीट केला आणि माझ्या सासऱ्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि आडनाव, एका दमात, देवाचं नाव घ्यावं तसं स्वच्छ घेतलं. मग रावबहादुरांच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, “नीट ऐकलंस? का पुन्हा सांगू?”

तो खाली मान घालून म्हणाला, “ऐकलं, आजी.”

त्या मत देऊन बाहेर आल्या तोवर ओसरीवरची रांग उठून दाराशी लागली होती. एकेक म्हातारी आत जाई आणि आपल्या माणसाचं नाव घेई. कोणी दबकत, कोणी रडत. एकीला तर नाव घेतल्यावर रडू आवरेना, कारकुनानं तिला पाणी दिलं. अंगणातल्या सवाष्णी आता हसत नव्हत्या. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, आणि बरंच झालं.

मी थोडक्या मतांनी निवडून आले. वकीलसाहेब हार घेऊन घरी आले आणि ‘मी म्हणतच होतो’ म्हणाले. मी हार घेतला. यांनी त्या दिवशी दुकानात कोणाला हातोडी उचलू दिली नाही. आमच्या घरी इतकी शांतता झाली की शेजारचे येऊन विचारू लागले, कोणी गेलं की काय. आत्याबाईंनी शब्द पाळला, पोरं सांभाळली. मी एकदाच धीर करून विचारलं, “आत्याबाई, फुली माझ्या नावापुढंच केलीत ना?” तर म्हणाल्या, “गुप्त म्हणजे गुप्त. तूच शिकवत होतीस ना गावभर?” शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात सकाळी भाजीची पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी त्या वाराला त्याच्या नावानं हाक मारली. मी चमकून पाहिलं. त्या म्हणाल्या, “काय बघतेस? उशीर केलास तर मेथी संपेल.”

आता यांचं सांगायचं राहिलं. मतदानाच्या संध्याकाळी सारी आळी माझ्या उखाण्याबद्दल बोलत होती. आणि हे जेवताना मला विचारतात, “तू आत काहीतरी म्हणालीस म्हणे. सगळे हसले. मला फाटकापाशी काही ऐकू आलं नाही.”

अरे देवा! अख्ख्या नाशकानं ऐकलं आणि ज्यांचं नाव घेतलं त्यांनाच ऐकू आलं नाही! मी म्हटलं, “काही नाही. जेवा.” त्यांना लोकांनी सांगितलंच असणार, कारण त्यानंतर ते अधूनमधून छेडायचे. “एकदा घे की पुन्हा. माझ्या कानाशी घे.” मी म्हणायची, “हे काय मतदान केंद्र आहे?” हसायचे आणि खाली जाऊन ठोकायला बसायचे. मुंबईला मी गेले, आले, पुन्हा गेले, आणि हा खेळ तसाच चालू राहिला. एकटीनं कानाशी तोंड नेऊन नाव घ्यायचं, छे! ते मला कधी जमलंच नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला आणि मी दिल्लीला निवडून गेले. ते बघायला हे राहिले नव्हते. पहिल्या दिवशी शपथ घ्यायला माझा पुकारा झाला. भलं मोठं सभागृह, मऊ गालिचे, पायाचा आवाज होत नव्हता. समोर तो माइक. कागदावर लिहिलं होतं, मी, आणि पुढं माझं पूर्ण नाव. आपल्याकडे बाईच्या पूर्ण नावात मध्ये कोण उभं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी माझं नाव घेतलं. मग यांचं नाव घेतलं. छताला जाऊन आदळेल इतक्या मोठ्यानं घेतलं. सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष हसून म्हणाले, “बाई, समोर माइक आहे. इतकं मोठ्यानं बोलायची गरज नाही. सगळ्यांना ऐकू येतं.”

मी म्हटलं, “सगळ्यांना येत नाही, साहेब.” आणि आडनाव घेऊन पुढची शपथ वाचायला लागले.